जर्सीचे कापड आणि कोको शॅनेल

प्रवासाची बॅग भरताना हात आपोआप ज्या कपड्यांकडे वळतो, ते बहुधा एकाच जातीचे असतात. गुंडाळून कोपऱ्यात कोंबावेत, दोन दिवसांनी काढून झटकावेत आणि इस्त्रीची वाट न पाहता अंगात घालावेत, असे. हे कापड इचलकरंजीच्या किंवा भिवंडीच्या मागावरचे नसते. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणजेच ताणा आणि बाणा. बॅगेतल्या या कापडात मात्र एकच धागा फासामागून फास घेत जातो, आजीच्या सुयांवरच्या स्वेटरसारखा. मराठीने या दोन्ही क्रियांना ‘विणणे’ हे एकच क्रियापद दिल्यामुळे हा फरक चटकन लक्षात येत नाही. बाजारात मात्र तो पक्का आहे. या दुसऱ्या प्रकारच्या मालाला आपल्याकडे सरसकट होजिअरी म्हणतात, आणि त्यातल्या सर्वात साध्या कापडाला जर्सी.

आज जर्सीत कुणाला काही वावगे वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या युरोपात मात्र हे कापड प्रामुख्याने आतल्या कपड्यांचे, मोज्यांचे, कोळ्यांच्या स्वेटरांचे आणि खेळाडूंच्या पेहरावाचे होते. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधल्या खाडीत जर्सी नावाचे बेट आहे. तिथले लोक सोळाव्या शतकापासून लोकरी मोजे आणि सदरे विणत असत, त्यावरून हे नाव पडले. अशा कापडाचा बाईमाणसाने बाहेर जाण्याचा पोशाख शिवावा, तोही श्रीमंत घरातल्या, ही कल्पना प्रतिष्ठित शिवणघरांना रुचणारी नव्हती. ती ज्या स्त्रीने रुजवली, तिचे आयुष्य या कापडासारखेच कुठेही ओढले तरी पुन्हा आपल्या जागी येणारे होते. मात्र ते या कापडाइतके निर्मळ नव्हते.

गॅब्रिएल शॅनेलचा जन्म १९ ऑगस्ट १८८३ रोजी फ्रान्समधल्या सोम्यूर या गावी, गरिबांसाठीच्या धर्मादाय रुग्णालयात झाला. आई जान कपडे धुण्याचे काम करी. वडील अल्बेर फिरते विक्रेते होते. जत्रा आणि आठवडी बाजार गाठत कामगारांचे कपडे व आतले कपडे ते विकत. घर म्हणावे असे काही नव्हतेच. जन्मनोंदीत आडनावही चुकीचे लिहिले गेले. फेब्रुवारी १८९५ मध्ये आई वारली, तेव्हा गॅब्रिएल अकरा वर्षांची होती. वडिलांनी मुलींना ओबाझीन येथील जोगिणींच्या मठाच्या अनाथालयात ठेवले आणि ते निघून गेले.

या मठाविषयी तिने पुढे जन्मभर मौन पाळले. विचारणाऱ्याला ती दोन कडक मावश्यांची गोष्ट सांगे. त्या मावश्या नव्हत्याच, होत्या त्या काळ्या-पांढऱ्या वस्त्रांतल्या जोगिणी. तिच्या चरित्रकारांना या थापांचा उलगडा करण्यात बरीच वर्षे घालवावी लागली. तरीही ओबाझीनने तिला दोन गोष्टी दिल्या, असे म्हणायला हरकत नाही. एक, हातातली सुई. दुसरी, बिनकलाकुसरीच्या दगडी भिंतींचा आणि मोजक्या रंगांचा संस्कार. पुढे पॅरिसने ज्याला तिची शैली म्हटले, त्यातले पुष्कळसे या अनाथालयात दिसते.

अठराव्या वर्षी ती मूलँ या लष्करी छावणीच्या गावी आली. दिवसा कापडदुकानात आणि शिंप्याकडे शिवणकाम, तिथे घोडदळाच्या अधिकाऱ्यांच्या विजारी दुरुस्तीला येत. संध्याकाळी त्याच अधिकाऱ्यांसमोर कॅफेत गाणे. आवाज बेताचाच होता. तिथल्या गाण्यांवरून ‘कोको’ हे नाव चिकटले, एवढीच त्या गायनाची कमाई. याच अधिकाऱ्यांत एतियन बाल्सां होता. त्याच्या घराण्याच्या गिरण्या लष्करी गणवेशाचे कापड बनवत. तो तिला कोंपिएनजवळच्या आपल्या रॉयालिऊ या वाड्यावर घेऊन गेला.

रॉयालिऊत घोडे होते, शर्यती होत्या, आणि आश्रित स्त्रीला असते तेवढेच स्थान होते. घोड्यावर बसायचे तर त्या काळच्या स्त्रीने लांब झग्यात, दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायचे. शॅनेलने जवळच्या शिंप्याकडून पुरुषी विजार शिवून घेतली. आजूबाजूच्या बायकांच्या अंगावर कॉर्सेट, मीटरच्या मीटर कापड, डोक्यावर पिसांचा आणि फळांचा डोलारा. गाडीत चढायचे तर दुसऱ्याचा हात हवा, बॅग भरायची तर मोलकरीण हवी. हिच्याकडे मोलकरीण नव्हती. तिच्या साधेपणाला सौंदर्यदृष्टीचे श्रेय देताना ही अडचण विसरता कामा नये.

तिच्या साध्या टोप्या मैत्रिणींना आवडू लागल्या. याच वर्तुळात तिला आर्थर केपेल भेटला. हा इंग्रज उद्योजक आणि पोलोपटू मित्रांत ‘बॉय’ म्हणून ओळखला जाई. त्याच्या पैशांवर १९१० मध्ये पॅरिसच्या र्यू कांबोन या रस्त्यावर, २१ क्रमांकाच्या इमारतीत टोप्यांचे दुकान निघाले. १९१३ मध्ये दोव्हिल या समुद्रकाठच्या विश्रामस्थळी दुसरे दुकान. समुद्राचा वारा, वाळू, टेनिस आणि घोड्यांची मैदाने असलेल्या या गावात तिने सैल, कंबरेत न आवळणारे, खलाशांच्या सदऱ्यांवरून सुचलेले कपडे विकायला सुरुवात केली. थंडी वाजली म्हणून केपेलचा स्वेटर डोक्यातून घालण्याऐवजी पुढून सरळ कापला आणि कडांना फीत लावली, अशी एक हकिकत ती पुढे सांगत असे. तिच्या हकिकती जपूनच घ्याव्यात. पण ज्याने कधी विणलेले कापड कात्रीने कापले आहे, त्याला त्या फितीचे महत्त्व कळेल. फीत नसती, तर कड गुंडाळली गेली असती आणि टाके गळाले असते.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. जर्मन फौजा पॅरिसच्या दिशेने सरकू लागल्या, तशा श्रीमंत बायका दोव्हिलला आल्या. अनेकींचे सामान मागे राहिलेले, नोकरचाकर लढाईवर गेलेले, आणि समोर रुग्णालयात जखमींची रांग. मदतीला उभ्या राहिलेल्या या बायकांना चालता येईल, वाकता येईल असे कपडे हवे होते. ते गावात एकाच दुकानात मिळत होते. १९१५ मध्ये तिने स्पेनच्या सरहद्दीजवळच्या बियारित्झला पूर्ण शिवणघरच उघडले. स्पेन युद्धात तटस्थ होता, त्यामुळे तिकडचा पैसा आणि गिऱ्हाईक दोन्ही शाबूत होते. १९१६ पर्यंत तिच्याकडे सुमारे ३०० जणी कामाला होत्या.

आता अडचण कापडाची होती. लोकर सैन्याच्या गणवेशाकडे वळलेली, चांगले कापड दुर्मिळ. अशा वेळी तिची गाठ झां रोदिये या कापड उत्पादकाशी पडली. त्याच्याकडे यंत्रावर विणलेल्या जर्सीचा साठा पडून होता. फिकट, मातकट रंगाचे, दिसायला अगदी सामान्य असे ते कापड पुरुषांच्या आतल्या किंवा खेळाच्या कपड्यांसाठी म्हणून काढलेले होते, आणि ते कुणाला नको होते. शॅनेलने तो साठा उचलला आणि आणखी मागितले. हे कापड खपेल यावर रोदियेचाच विश्वास नव्हता. आधीचे विकून दाखवल्याखेरीज नवे काढायला तो तयार नव्हता, असे तिचे चरित्रकार सांगतात.

शिवणघरांनी हे कापड नाकारण्यात केवळ शिष्टपणा होता असे नाही. त्याला दोष होते. ते कात्रीखाली सरकते, कापलेली कड गुंडाळली जाते, एक टाका तुटला की शिडी पडत जाते. टक घालून त्याला कंबरेचा आणि छातीचा आकार द्यावा, तर ते ताणून पुन्हा मूळ जागी येते. शॅनेलने या कापडाला आकार देण्याचा नादच सोडला. सरळ खांदे, कमरेभोवती सैल पट्टा, घोट्याच्या वर थांबणारा घागरा, मोजक्या शिवणी. कापडाला जे जमत नव्हते ते तिने त्याच्याकडून मागितले नाही. तिचे खरे कौशल्य इथे आहे असे मला वाटते, आणि ते शोधाचे नव्हे तर निवडीचे कौशल्य आहे. कॉर्सेट काढून टाकण्याचा मान एकटीच्या पदरात घालणेही योग्य नाही. पॉल प्वारेने शतकाच्या पहिल्या दशकातच कॉर्सेटशिवायचे पोशाख काढले होते. पण प्वारेची स्त्री राजवाड्यात पहुडलेली होती, शॅनेलची स्त्री चालत होती. १९१६ मध्येच अमेरिकेच्या ‘हार्पर्स बझार’मध्ये तिच्या सरळ पोशाखाचे चित्र छापून आले. फ्रेंच मासिकांना तिची दखल घ्यायला त्याहून वेळ लागला.

ज्या गुणांमुळे जर्सीने तिला साथ दिली, ते आजही तेच आहेत. ओढले की कापडातला फास लांबतो, सोडले की पुन्हा गोल होतो, म्हणून घडीची खूण टिकत नाही. फासांत हवा अडकते, म्हणून लोकरी जर्सी हलकी असून उबदार असते. पण सगळे विणलेले कापड परतून जागेवर येतेच असे नाही, आणि घरी प्रवासाचे कपडे शिवणारा बहुधा इथेच फसतो. दुकानात ठाण समोर आले की वीतभर कापड आडवे ओढून सोडावे. ते लगेच मूळ मापावर आले तर ठीक, लोंबत राहिले तर त्याचे गुडघे आणि कोपर महिनाभरात बाहेर येणार. उजेडाकडे धरून पाहावे, विरळ असेल तर तो टी-शर्टलाही पुरणार नाही. दोन थर एकमेकांवर जोराने घासावेत, लगेच बारीक गोळे उठले तर ठाण परत ठेवावे. साध्या जर्सीच्या मानाने इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखे, जाड आणि कड न गुंडाळणारे असते, म्हणून नवशिक्याने त्यापासून सुरुवात करणे बरे. दुकानदाराला दर चौरस मीटरचे वजन विचारावे. १५० ते १८० ग्रॅमचे कापड सदऱ्याला चालते, पण पँटला २०० ग्रॅमच्या वरचेच घ्यावे. निव्वळ सुती जर्सी अंगाला बरी, पण धुतली की सावकाश वाळते. रात्री धुऊन सकाळी घालायची असेल तर नायलॉन किंवा पॉलिस्टरचे मिश्रण लागते, आणि त्यात थोडे इलॅस्टेन असले की कापड आकार धरून राहते. आपल्याकडे सुती माल बहुतांशी तमिळनाडूतल्या तिरुपूरचा आणि लोकरी माल लुधियानाचा.

शिवण्याआधी कापड धुऊन वाळवावे, आटायचे ते आधीच आटते. मशिनला बॉलपॉइंट सुई लावावी. ती धाग्याला भोसकत नाही, बाजूला सारते. सरळ टाक्याऐवजी अरुंद झिगझॅग घालावा, नाहीतर कापड ताणले गेले की शिवणीचा दोरा तुटतो. खांद्याच्या शिवणीत न ताणली जाणारी पट्टी घालावी, आणि खालची दुमड घालण्याआधी कपडा एक रात्र टांगून ठेवावा. एरवी मात्र असे कपडे हँगरवर नकोत, घडी करून ठेवावेत. शॅनेलच्या शिवणघरात झिगझॅगचे घरगुती यंत्र नव्हते. कडेची फीत, हाताचा टाका आणि कमीत कमी शिवणी हेच तिचे उपाय होते, आणि ते अजून उपयोगी पडतात.

युद्ध संपले तेव्हा ती श्रीमंत होती. १९१८ मध्ये तिने र्यू कांबोनची ३१ क्रमांकाची इमारत घेतली. तिचे घराणे आजही तिथे आहे. त्याच वर्षी केपेलने एका खानदानी इंग्रज स्त्रीशी विवाह केला आणि डिसेंबर १९१९ मध्ये मोटार अपघातात तो गेला. या दोन आघातांनंतरची शॅनेल अधिक कठोर दिसते. १९२१ मध्ये एर्नेस्त बो याने तयार केलेले ‘पाच क्रमांका’चे अत्तर आले. १९२४ मध्ये त्याच्या विक्रीसाठी वेर्थाइमर बंधूंसोबत कंपनी निघाली. तीत तिचा वाटा फक्त १० टक्के होता. कपड्यांत अचूक असणाऱ्या या बाईने केलेला हा करार तिला जन्मभर सलत राहिला.

त्याच १९२४ च्या जूनमध्ये पॅरिसला ‘ल त्रें ब्ल’ हे नृत्यनाट्य रंगमंचावर आले. कॅलेहून भूमध्य समुद्रकाठाकडे जाणाऱ्या निळ्या डब्यांच्या ऐषारामी गाडीचे हे नाव. संहिता कोक्तोची, संगीत मियोचे, पडदा पिकासोचा, आणि नर्तकांच्या अंगावर शॅनेलने दिलेले विणलेले पोहण्याचे व खेळाचे पोशाख. नाटकात गाडी दिसत नाही, दिसतात ती तिच्यातून उतरलेली माणसे. दहा वर्षांपूर्वी आतल्या कपड्यांत जमा असलेले विणलेले कापड आता रंगमंचावर, सर्वांसमोर, प्रवाशांचा पोशाख म्हणून उभे होते. १९२६ मध्ये तिच्या साध्या काळ्या झग्याचे चित्र अमेरिकन ‘व्होग’ने छापताना त्याची तुलना फोर्डच्या मोटारीशी केली. पुढे तिने पॅरिसजवळच्या आस्निएर येथे स्वतःचा विणलेल्या कापडाचा कारखानाही चालवला. कापडासाठी पुन्हा कुणा रोदियेची मनधरणी नको, हा त्यातला हिशेब असावा.

तिने जे सुरू केले ते प्रवासाच्या दृष्टीने पुढे नेण्याचे श्रेय मात्र एका अमेरिकन स्त्रीला द्यावे लागेल. क्लेअर मॅकार्डेलने १९३४ मध्ये लोकरी जर्सीच्या पाच सुट्या कपड्यांचा एक संच काढला. ते एकमेकांवर हवे तसे जुळत, आणि लहानशा बॅगेत मावत. दुकानदारांना ती कल्पना तेव्हा पटली नाही.

तिसऱ्या दशकाच्या शेवटी शॅनेलकडे काही हजार कामगार होत्या. ज्या कपड्यांनी श्रीमंत बायकांची शरीरे मोकळी केली, ते शिवणाऱ्या मुलींना मात्र ती पगारात मोकळीक देत नव्हती. जून १९३६ च्या देशव्यापी संपात त्यांनी तिलाच तिच्या दारात अडवले. तिने आधी कामावरून काढण्याची भाषा केली, पण अखेर नमते घ्यावे लागले. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच तिने शिवणघर बंद केले आणि या सगळ्या जणी घरी बसल्या. हा युद्धाचा नाइलाज होता की १९३६ चा सूड, यावर आजही दोन मते आहेत.

यापुढचा भाग तिच्या चाहत्यांना अडचणीचा वाटतो, पण तो टाळता येत नाही. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये ती रिट्झ हॉटेलात राहिली. हान्स ग्युंथर फॉन डिंकलागे या जर्मन गुप्तचर अधिकाऱ्याशी तिचे संबंध होते. आपला पुतण्या-भाच्यांतला एक, जर्मनांच्या कैदेत असलेला आंद्रे पालास, याच्या सुटकेसाठी तिने त्यांची मदत घेतली हे खरे. पण १९४१ मध्ये तिने ज्यूंची मालमत्ता हिरावणाऱ्या कायद्याचा आधार घेऊन वेर्थाइमर बंधूंकडून अत्तराची कंपनी मिळवण्याचा प्रयत्न केला, त्याला कोणत्याही नात्याची सबब नाही. त्या बंधूंनी देश सोडण्यापूर्वीच कंपनी एका ज्यूतर भागीदाराच्या नावे केली होती, म्हणून तो डाव फसला. जर्मन गुप्तहेर खात्याच्या कागदांत तिचा क्रमांक आणि सांकेतिक नाव आढळले. चर्चिलपर्यंत निरोप पोचवण्याच्या एका फसलेल्या जर्मन कारस्थानात ती माद्रिदलाही जाऊन आली. सप्टेंबर १९४४ मध्ये तिला चौकशीसाठी नेले आणि काही तासांत सोडले. जर्मनांशी संबंध ठेवल्याबद्दल इतर असंख्य फ्रेंच स्त्रियांचे भर चौकात मुंडण झाले. ही मात्र स्वित्झर्लंडला निघून गेली.

५ फेब्रुवारी १९५४ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ती पुन्हा र्यू कांबोनवर उभी राहिली. मधल्या काळात क्रिस्तियां दिओरने आवळलेली कंबर आणि मीटरच्या मीटर कापड परत आणले होते. तिला त्याचा संताप होता. या पुनरागमनामागे पैसा होता तो पिएर वेर्थाइमरचा, ज्याची कंपनी तिने हिरावू पाहिली होती त्याचाच. व्यवहाराने जुळवलेली अशी तडजोड कादंबरीत खरी वाटली नसती. फ्रेंच वृत्तपत्रांनी तिची टर उडवली, अमेरिकेने मागणी नोंदवली. मऊ लोकरी कापडाचा बिनकॉलरचा कोट, आतल्या कडेला शिवलेली बारीक साखळी, म्हणजे ताठ कापडाशिवायही कोट सरळ पडावा, आणि खरोखर हात जाईल असे खिसे. काखेची गोलाई ती अंगावर पुन्हा पुन्हा उसवून शिवत असे, हात वर केला तरी कोट वर ओढला जाऊ नये म्हणून. फेब्रुवारी १९५५ मध्ये खांद्याला अडकवायची साखळीची पर्स आली. ती चामड्यात होती, तशी जर्सीतही होती.

१० जानेवारी १९७१ हा रविवार होता. शिवणघर बंद होते. रिट्झमधल्या तिच्या खोलीत, वयाच्या ८७ व्या वर्षी तिचे निधन झाले. वसंत ऋतूसाठी तिने तयार केलेले कपडे त्याच महिन्यात तिच्याविना दाखवले गेले. तिचे दफन फ्रान्समध्ये झाले नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी तिची कबर आहे आणि तिच्या दगडावर पाच सिंहांची मुखे कोरलेली आहेत.